सही करण्याआधी माहिती कुठे शोधायची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरातला कर्ता माणूस मोटरसायकलवरून पडला. मांडीचे हाड मोडले. सळई टाकावी लागेल, पाठीत भूल द्यावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. रात्री पुतण्याने मोबाईल उघडला. पाठीत सुई दिली की माणूस कायमचा अधू होतो, असे पहिल्याच व्हिडिओत कोणी ठासून सांगत होते. सकाळी घरच्यांनी रुग्णाला हाडवैद्याकडे नेले. हाड वाकडे जुळले, पाय आखूड झाला आणि आता मोठे ऑपरेशन सांगितले आहे.

पुतण्याने माहिती शोधली हे बरोबरच केले. पण कुठे शोधायचे, हे त्याला कोणी दाखवले नव्हते. ऐकीव आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावर काही मानू नका, असे कालाम सुत्तात भगवंतांनी सांगितले. मोबाईलवरच्या व्हिडिओला हेच लावावे. सांगणारा कोण, त्याचे शिक्षण काय, शेवटी तो काही औषध विकतो का? लाखो लोकांनी पाहिले हा काही पुरावा नव्हे.

शोधताना पहिली अडचण शब्दांची येते. आपण ‘भूल’ म्हणतो. पुस्तकात ‘संवेदनाहरण’ किंवा ‘शुद्धिहरण’ असते. ऑपरेशनला ‘शस्त्रक्रिया’, मोडलेल्या हाडाला ‘अस्थिभंग’. एका शब्दाने सापडले नाही तर दुसरा टाका. मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. तिथली भाषा जड आहे, दोनदा वाचावी लागते. त्यापेक्षा सोपे म्हणजे डॉ. श्याम अष्टेकर यांचे ‘भारतवैद्यक’. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्याला कळेल असे ते लिहिले आहे आणि ‘आरोग्यविद्या’ या संकेतस्थळावरही ते लेखन आहे. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला ‘मेडलाइनप्लस’ उघडायला सांगा. अमेरिकेच्या सरकारी वैद्यक ग्रंथालयाचे हे पान आहे. जाहिराती नाहीत, इंग्रजी साधे आहे, काही माहिती हिंदीतही मिळते. पुस्तकासाठी सार्वजनिक ग्रंथालयात जा. नसेल तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी करा. मागणीच नसेल तर कपाटात स्पर्धा परीक्षेची पुस्तके येत राहतात.

आता त्या पाठीतल्या सुईचे. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या भागात ही सुई देतात. कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो, मग पाय हलू लागतात. काहींचे डोके दोन-चार दिवस दुखते, सुईच्या जागी दुखते. कायमची इजा फार क्वचित होते. पूर्ण भूल असो वा पाठीतली, आधी उपाशी राहायला सांगतात, कारण पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधी. दुधाचा चहा अन्नात धरतात. “घोटभरच दिला” हे लपवू नका.

आणि सिकलसेल. आपल्या जिल्ह्यात हा आजार आदिवासी बांधवांत बराच आहे, बौद्ध समाजातही आढळतो. अशा रुग्णाला भूल देताना थंडी, पाण्याची कमतरता किंवा प्राणवायू कमी पडणे धोक्याचे ठरते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. अहवाल भूलतज्ज्ञांना स्वतःहून दाखवा. भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशन करणारे नव्हेत, भूल देणारे वेगळे डॉक्टर. त्यांना आदल्या दिवशी भेटायची मागणी करा; सगळ्या पुस्तकांपेक्षा ती दहा मिनिटे मोलाची.

सहीचा कागद वाचून घ्या, येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. समीरा कोहली खटल्यात बाईने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की रुग्ण सज्ञान असेल आणि तातडी नसेल, तर अशी संमती चालत नाही. महावग्गातला जीवकही श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्र चालवण्याआधी त्याला विचारतो, एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग पाठीवर, प्रत्येकी सात महिने पडून राहशील का? होकार मिळाल्यावरच तो कामाला लागतो. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे १५५३८८ वर विचारता येते.

अपघाताच्या वेळी मात्र शोधत बसू नका. १०८ लावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, उचलून बघू नका. मान किंवा पाठीला मार असेल तर ओढाताण करू नका. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. मदतीला धावणाऱ्यालाही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिले आहे.

आजच एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, सिकलसेलचा अहवाल, चालू गोळ्या, कोणत्या औषधाने अंगावर उठते आणि आधी भूल दिली होती का, हे लिहा. तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे घाईत सापडेल.