सुरती बताशा

बताशा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देवापुढला साखरेचा बताशा येतो. सुरतेचा बताशा मात्र मैद्याचा, खरपूस, चहात बुडवून खावयाचा; आपण मराठी लोक त्याला बटर म्हणतो.

याचे मूळ परदेशी आहे. येथील डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजला जाई. १८२५ साली डचांनी सुरतेची वखार इंग्रजांच्या हाती दिली. त्यांची भट्टी पुढे फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांनी चालविली, अशी परंपरा आहे. दोटीवाला बेकरी आपली स्थापना १८६१ ची मानते. गोरे गिऱ्हाईक घटले तसा पाव उरू लागला. ताडीने फुगविलेला तो पाव लवकर बुरसत नसे. सुकलेला पाव स्वस्तात विकला जाऊ लागला, आणि लोकांस तो इतका रुचला की पुढे मुद्दाम तसाच भाजू लागले.

१९९६ साली मॅकडोनल्ड्स भारतात आले. अशा दुकानांतही आपलीच मुले राबतात, आणि त्यांची टापटीप शिकण्याजोगी आहे. परंतु उरलेल्या पावाचे काय करावे, हे तेथील भटाऱ्याने ठरवावयाचे नसते. ते नियमांच्या पुस्तकात आधीच लिहिलेले असते. फरामजींपुढे असे पुस्तक नव्हते. गिऱ्हाइकाचा खिसा पाहून त्यांना माल बदलता आला. (दात पाहिले असते तर बटर इतका कडक झाला नसता!)

नानपुऱ्यात त्यांच्या दुकानी बताशा आजही मिळतो. गावी जाणाऱ्या पाहुण्याबरोबर एक पुडा अवश्य द्यावा. प्रवासात तो मोडतो, पण बिघडत नाही.