आधी शेपूट बघ, मग रंग

ये, बस अशी. सकाळी तू गच्चीवरून हिरमुसून उतरलीस, "ताई, सगळे सारखेच दिसतात गं," म्हणालीस, तेव्हाच ठरवलं होतं की तुझ्याशी निवांत बोलायचं.

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या या क्वार्टर्समध्ये मी पक्षी बघायला लागले, तेव्हा मीही आधी रंगच शोधायचे. पानांच्या सावलीत रंग फसवतो, राणी. तू आधी पक्षी कुठे बसलाय ते बघ, मग शेपूट, मग आवाज.

जास्वंदीत शेपटी उभी करून हिंडतोय? मग तो शिंपी किंवा राखी वटवट्या. शिंप्याच्या डोक्यावर तांबूस टोपी आणि पाठ हिरवी. वटवट्याचं डोकं राखाडी, पोट फिकट तांबूस. उडताना तो चटचट वाजतो. शिंप्याला इथले लोक तैयल चिट्टु म्हणतात. पानं शिवून घरटं करतो म्हणून त्यांनीही शिंपीच म्हटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरी परीक्षा थंडीतल्या पाहुण्यांची. कडुलिंबाच्या शेंड्याशी एक क्षण स्थिर न राहणारा, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक पुसट पट्टी असलेला तो हिरवट पर्ण वटवट्या. "चि-वी" अशी दोन अक्षरं बोलतो. खाली झुडपाच्या गाभ्यात लपून दोन खडे आपटल्यासारखं "टक्, टक्" करणारा तपकिरी पक्षी दिसला, तर तो बहुधा ब्लाइथचा बोरू वटवट्या. त्याच्या पंखावर पट्टी नसते. पहिला जेमतेम आठ-नऊ ग्रॅमचा, म्हणजे दोन चमचे साखरेएवढा. तरी हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून इथवर येतो आणि एप्रिलच्या सुमारास परततो.

कानावर विश्वास ठेव. इंग्लंडमधल्या सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटनं अठराव्या शतकात दिसायला सारखे तीन वटवटे त्यांच्या गाण्यांवरून वेगळे ओळखले होते.

आणि एक मनापासून सांगते. नाव नाही जमलं तर वहीत "भुवई होती, पट्टी दिसली नाही, झाडाच्या शेंड्याला" एवढंच लिही. घाईनं चुकीचं नाव लिहिलंस, की पुढच्या वेळी डोळे तेच शोधतात. हिरवट वटवट्याची पट्टी झिजून दिसेनाशी होते कधीकधी, तेव्हा तुझी ही अर्धी नोंदच उपयोगी पडेल.

उद्या सहाला परुत्तिपट्टू तळ्यावर जाऊ. दुर्बीण पिशवीतच ठेव. पहिली दहा मिनिटं आपण दोघी नुसत्या ऐकू.