जुनी बस आणि घाटातली उष्णता

काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरील एका शाळेने सहलींसाठी जुनी आरामबस घेतली. बस दिसायला झकास होती. वर्गणीतून थोडी रक्कम उरली होती. तीतून रंग, गाद्या आणि पडदे करावेत, असे शालासमितीचे मत होते. मुख्याध्यापक मला म्हणाले, "सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता. एकदा बघून सांगा." मी एका अनुभवी मिस्त्रींना बरोबर नेले. त्यांनी मागचे चाक उतरवले, ड्रमच्या आत हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, "सर, रंगाने गाडी थांबत नाही."

त्यांच्या या वाक्यामागचे गणित आज आपण करून पाहू.

घाट उतरताना

माणसांनी भरलेल्या मोठ्या बसचे वस्तुमान सुमारे १५,००० किलोग्रॅम धरू. खंडाळ्याहून खोपोलीस येताना ती जवळजवळ ५०० मीटर खाली उतरते. तिची स्थितिज ऊर्जा किती कमी होते?

१५,००० × ९.८ × ५०० = ७,३५,००,००० ज्यूल.

आता तुलना करा. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणाऱ्या याच बसची गतिज ऊर्जा १६,८७,५०० ज्यूल भरते. म्हणजे एक घाट उतरणे हे त्या वेगातली बस सुमारे ४४ वेळा थांबवण्यासारखे आहे! एवढ्या उष्णतेने २५ अंशांचे २३० लिटर पाणी उकळीला येईल.

ही उष्णता ब्रेकने सोसायची झाली तर ती प्रथम ड्रममध्ये शिरते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ नळा. त्याच्या आतून ब्रेक-शू दाबला जातो आणि शूवरचे लायनर ड्रमला घासते. चार ड्रम मिळून २०० किलोग्रॅम बीड धरले आणि सगळी उष्णता त्यातच साठली असे मानले, तर तापमान सुमारे ८०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता वारा वाहून नेतो, म्हणून वेळ तिथवर येत नाही. पण ड्रम जितका झिजून पातळ, तितका तो लवकर तापतो. आमच्या बसच्या ड्रममध्ये निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या. पूर्वी तो फार तापल्याची ती खूण होती.

तापलेला ब्रेक का लागत नाही?

याची कारणे दोन. एक, फार तापल्यावर लायनरचा घर्षण गुणांक घटतो. दुसरे, ड्रम प्रसरण पावतो. ४१ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे शूला प्रत्येक बाजूला जवळजवळ ०.७ मिलिमीटर जास्त सरकावे लागते. पण शूला हलवणाऱ्या दांड्याची धाव ठरलेली असते. लायनर झिजलेले असेल आणि ब्रेकची जुळणी केलेली नसेल, तर ती धाव आधीच बरीच खर्ची पडलेली असते. मग पाय पूर्ण दाबूनही ब्रेक लागत नाही.

यासाठीच, ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, असे जाणते चालक सांगतात. खालच्या गियरमध्ये चाकांनाच इंजिन फिरवावे लागते आणि ऊर्जेचा मोठा वाटा तिथे खर्च होतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे हा सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकणे होय.

घाट चढताना

चढावर प्रश्न उलटा होतो. जळणाऱ्या डिझेलच्या ऊर्जेचा निम्म्याहून कमी भाग चाकांना मिळतो. उरलेल्याची उष्णता होते. तिचा काही भाग धुराबरोबर जातो, काही रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. चढावर इंजिनचे कष्ट जास्त आणि गाडीचा वेग कमी, त्यामुळे वारा अपुरा पडतो. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने नळ्यांत क्षारांचा थर बसला असेल, तर तो उष्णतेची वाट अडवतो. रेडिएटरच्या झाकणाचे काम दाब राखून पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवण्याचे. ते सैल झाले की पाणी लवकर उकळते, गॅस्केट जळते आणि सिलिंडरचे हेड वाकते.

खर्चाचा क्रम

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वस्त दुरुस्ती टाळली की महाग दुरुस्ती दारात उभी राहते. लायनर वेळेवर बदलले नाही, तर त्याचे रिव्हेट ड्रमला ओरखडतात आणि ड्रमही बदलावा लागतो. झाकणाची किंमत शेकड्यांत, लायनरचा खर्च हजारांत, तर इंजिन उघडण्याचा लाखाच्या घरात. म्हणून जुनी बस घेतल्यावर पहिला रुपया उष्णतेच्या वाटेवर खर्चावा: ड्रम, लायनर, रेडिएटर. रंग शेवटी.

समितीने हे आकडे फळ्यावर पाहिले आणि मान्य केले. त्या वर्षीची सहल फिक्या रंगाच्या, जुन्याच गाद्यांच्या बसमधून कोकणात उतरली. ड्रम मात्र चारही नवे होते.

करून पाहा

सायकलने लहानसा उतार ब्रेक दाबत, सावकाश उतरा. खाली थांबल्यावर ब्रेकच्या रबराला बोट हळूच टेकवा. मग तुमचे व सायकलचे मिळून वस्तुमान आणि उताराची उंची घेऊन किती ज्यूल ऊर्जेची उष्णता झाली ते काढा. तुमच्या गावाजवळच्या घाटासाठी एस.टी. बसचेही असेच गणित मांडा.