पार्सल चहाची गाठ

बसस्टँडसमोर माझं चहाचं दुकान आहे. गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. ऑगस्टची संध्याकाळ, भुरभुर पाऊस. पलीकडच्या गल्लीतल्या ताई नेहमीसारख्या स्कूटरवर आल्या, पुढे सात वर्षांची लेक उभी. चार चहा पार्सल. पोऱ्याने उकळता चहा गाळून थेट पातळ पिशवीत ओतला, तोंडाला पीळ दिला, रबर गुंडाळलं. ताईंनी पिशवी हँडलखालच्या हुकाला अडकवली. दुसऱ्याच गतिरोधकावर रबर निसटलं आणि चहा पोरीच्या मांडीवरून पायमोज्यात गेला. आईने घाबरून टूथपेस्ट फासली. दवाखान्यात मोजा काढताना कातडीही सोबत आली.

रात्री मुलीचे वडील आले. आवाज चढवला नाही, नुसती बिलं काउंटरवर ठेवली. मी गल्ल्यावरून उठलोही नाही. म्हणालो, "साहेब, चहा गरम असणारच. आणि सांडला तो रस्त्यावर, माझ्या दुकानात नाही."

आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली. मग मात्र मी धावत आमच्या गिऱ्हाइकांपैकीच एका वकीलकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "चहा गरम असतो याबद्दल कोणाचा वाद नाही रे. वाद पिशवीचा आहे. हिसका बसला की उघडणाऱ्या वस्तूत तू उकळता चहा दिलास. त्यात 2018 पासून राज्यात या पिशव्यांना बंदी. ग्राहक आयोगापुढे काय सांगशील?" चार चहांच्या बिलावर जिल्हा आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. अज्ञान मुलीसाठी आईवडील तक्रार करू शकतात. 'मालक जबाबदार नाही' अशी पाटी लावू का, म्हणून विचारलं. काका हसले. ताज महाल हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की पावतीवर 'जबाबदारी गाडीमालकाची' असं छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही.

मग त्यांनी अमेरिकेतल्या त्या कॉफीवाल्या आजींचा विषय काढला. 'कॉफी सांडली आणि कोट्यधीश झाली' हा विनोद मीही व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलला होता. खरी हकिगत वेगळी. 1992 साली अल्बुकर्कीत 79 वर्षांच्या स्टेला लीबेक यांच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली. कॉफी 82 ते 88 अंशांच्या दरम्यान ठेवायची, असा कंपनीचा नियमच होता. आजींना त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी 20 हजार डॉलर मागितले, कंपनीने 800 देऊ केले. 1994 मध्ये ज्युरीने आजींचीही 20 टक्के चूक धरली, तरी कंपनीला जबर दंड ठोकला. न्यायाधीशांनी तो बराच कमी केला, शेवटी आपसात तडजोड झाली. ज्युरीला खटकलं ते हे, की आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या 700 च्या वर तक्रारी येऊनही कंपनी ढिम्म राहिली होती.

हे ऐकताना माझी मान खाली गेली. पिशवी गळते, असं मलाही दोघातिघांनी आधी सांगितलं होतं. मी रबर बदललं होतं, पिशवी नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो. माफी मागितली, दवाखान्याचा सगळा खर्च दिला, पुढच्या मलमपट्टीचाही. माणसं भली होती, प्रकरण तिथेच मिटलं. दर वेळी असं मिटेलच असं नाही.

आता पार्सलचा चहा आधी किटलीत जरा निवतो, मगच भरला जातो. साठ अंशांचा चहादेखील काही सेकंदांत खोलवर भाजतो, उकळत्याची तर बातच सोडा. लहान मुलांची कातडी मोठ्यांहून नाजूक. चहा घट्ट झाकणाच्या थर्मासमध्येच देतो, थर्मासला शंभर रुपये डिपॉझिट. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे. मुलाच्या हातात पार्सल द्यायचं नाही, हे पोऱ्याला बजावलंय. दुकानाच्या विम्यात त्रयस्थाला झालेल्या इजेचं कलम आहे का, तेही एजंटकडून वाचून घेतलं. आधीच्या पॉलिसीत नव्हतं.

आणि कोणी भाजलंच तर कपडे, मोजे, बांगड्या लगेच काढा, चिकटलेलं मात्र ओढू नका. जखम 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. दुकानदारांनो, उद्या सकाळी पहिलं पार्सल गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते एकदा स्वतः उलटं धरून बघा.