घरातली वाहती नदी : जोरदार प्रवाहाचं ॲक्वेरियम कसं लावाल?



'मासा पाण्यात श्वास कसा घेतो?' असं वर्गात विचारलं की मुलं 'कल्ल्यांनी' म्हणून मोकळी होतात. पण पाण्यात ऑक्सिजन असतो तरी किती, हे कुणी विचारत नाही. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात मावतो फक्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पाणी ३० अंशांवर गेलं की जेमतेम साडेसात. डोंगरातला ओढा दगडांवर आपटत वाहतो, पाणी सतत वरखाली होतं, म्हणून तिथे ऑक्सिजन भरपूर. तिथले मासे त्याच सवयीचे असतात. आजचा सगळा पाठ या एका गोष्टीवर उभा आहे बघा.

तीन फूट लांबीची टाकी घ्या. ९० × ३० × ३८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी (हे घनफळाचं गणित मुलांकडूनच करून घ्या). पाणीच १०० किलो भरतं. वर काच, दगड, वाळू. तेव्हा स्टँड मजबूत हवा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच.

आता प्रवाह. नुसता एक पंप कोपऱ्यात लावला तर पाणी समोरच्या काचेवर आपटून परत फिरतं. ती नदी नव्हे, तो भोवरा. एका दिशेने वाहायला हवं असेल तर तळाला टाकीच्या लांबीचे दोन पीव्हीसी पाईप टाका. डाव्या टोकाला एल्बो लावून पाईप थोडे वर आणा आणि त्यांच्या तोंडावर स्पंज बसवा. उजव्या टोकाला तसेच वर आणून त्यांवर पंप बसवा. पंप उजवीकडून पाणी डावीकडे ढकलतो, डावीकडचा स्पंज ते ओढून घेतो आणि वाळूखालच्या पाईपातून ते परत पंपाकडे येतं. सगळे जोड पाण्याखालीच असल्यामुळे थोडी गळती झाली तरी बिघडत नाही, म्हणून सोल्यूशनने चिकटवू नका. साफ करताना सुटे करता येतात. दोन्ही पंप मिळून तासाला किमान हजार लिटर पाणी फिरवणारे असावेत. टाकीत हात घालण्याआधी स्विच बंद, हा नियम मोठ्यांनाही लागू. आणि वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मगच वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

दगड आधी, वाळू नंतर. उलट केलंत तर वाळू सरकून दगड काचेवर येतो. आपला काळा बेसाल्ट उत्तम, पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे खडे असतात. त्यांवर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुन्याचा. असा दगड बाजूला ठेवा. मोठे गोटे प्रवाहात आडवे लावा, त्यांच्यामागे पाणी संथ होतं. जोर कितीही असला तरी माशाला टेकायला जागा लागतेच.

नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पाणी भरलं की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर आणि स्पंजात रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. मुलांना हा काळ फार मोठा वाटतो. वाटू द्या.

आता मासे. इथे माझी चूक सांगते. आमच्या ओढ्यात 'मळ्या' नावाचा मासा आहे. खालच्या ओठाजवळच्या चकतीने दगडाला चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा हे मराठी नाव थेट शास्त्रीय नावात गेलं : गारा मुल्ल्या. हे वर्गात सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे काही दिसलं, त्या भरात मी चार मळ्ये घरी आणले. टाकीत बाजारातले झेब्रा मासे आधीपासून होतेच. एप्रिलच्या एका रात्री वीज गेली, पंप थांबला, आम्ही गाढ झोपेत. सकाळी दोन मळ्ये तळाशी पांढरे पडलेले होते. झेब्रा मासे पाण्याच्या वरच्या थरात होते, ते तगले. मुलगी म्हणाली, "आई, ओढ्यात वीज कुठे जाते?" यावर काय बोलणार?

उरलेले दोन ओढ्यात परत सोडावेत असं ती म्हणत होती. सोडले नाहीत. बाजारातल्या माशांबरोबर राहिल्यावर त्यांच्यावाटे रोग ओढ्यात जाऊ शकतो. लोकांनी टाकीतून सोडलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आज आपल्याकडच्या नद्या-तलावांत पसरलाच आहे ना! ते दोघं आता आमच्याच घरी राहणार.

म्हणून तुम्ही ओढ्यातले मासे आणू नका, ओढ्यावर जाऊनच बघा. टाकीसाठी झेब्रा डॅनिओ घ्या. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये कोसी नदीतला म्हणून नोंदवलेला हा मासा आता पैदास करून विकला जातो, प्रवाहात मजेत राहतो. सात-आठ एकत्र घ्या, एकटा ठेवू नका. मिस केरळ दिसायला देखणा, पण निसर्गात धोक्यात आलेला. मी तरी घेणार नाही.

वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ हवा. नसेल तर तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहा. उन्हाळ्यात हे काम घरातल्या मुलांना वाटून द्या. आमच्याकडे त्याचं वेळापत्रक फ्रीजवर लावलेलं आहे.

टाकी चालू झाली की पाण्यावर पानाचा लहानसा तुकडा टाका आणि घड्याळ लावा. ९० सेंटिमीटर सहा सेकंदांत गेला, तर वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर. मग तोच तुकडा मोठ्या गोट्याच्या मागे सोडा. आणि मासे कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहेत, ते मुलांना वहीत काढायला सांगा.