देवघेव आणि नियतकालिके एकत्र येताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेव आणि नियतकालिक विभाग एकत्र होत आहेत. ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांना काम कसे वाटून द्यावे?

उत्तर : सर्वांत आधी मुलांची हजेरी, वेळापत्रक आणि कामवाटप एकाच व्यक्तीकडे द्या. दोन वरिष्ठ दोन वेगळी कामे सांगू लागले की मूल गोंधळते आणि चूक त्याच्याच माथी येते.

काउंटरवरची देवघेव, पुस्तके वर्गांकानुसार लावणे, नव्या अंकांची नोंद ही कामे सगळ्यांना शिकवा. बांधणीसाठी जुने अंक जुळवण्याचे काम मात्र एक-दोघांकडेच असू द्या. एक अंक सुटला तरी खंड अपुरा राहतो. मधल्या सुट्टीत सगळे हात काउंटरवर हवेत, कारण रांगेतला वाचक थांबवून अंकांच्या नोंदी करण्यात अर्थ नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या १९३१च्या ग्रंथातले ग्रंथालयशास्त्राचे चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचेच आहे.

आणि एक कळकळीची विनंती. विभाग कमी झाले म्हणून मुलांचे तास कापू नका. गावाकडून आलेल्या कित्येकांची खाणावळ याच कामाच्या पैशांवर चालते. परीक्षेच्या दिवसांत तास बदलून द्यावेत, आणि ते वेळापत्रक सत्र सुरू होतानाच ठरवावे.