आजोबांची काठी की कार्बनची?

प्रश्न : आजोबांची बांबूची गळकाठी आणि पितळी रीळ घरात आहे. तिघरा धरणावर रोहूसाठी चालेल, की नवी कार्बनची घ्यावी? – एक वाचक, पडाव, ग्वाल्हेर

उत्तर : काठालगतच्या रोहूसाठी जरूर वापरा, माशाची ओढ बांबूतून हाताला फार छान कळते. जुन्या रिळाची मूठ एकदा फिरवली की दोरीचा एकच वेढा बसतो, आजच्या स्पिनिंग रिळात साधारण पाच. म्हणून लांब फेकायला, झटपट गुंडाळायला नवेच सरस. मात्र जुन्या काठीला ब्रेडेड दोरी मुळीच लावू नका. ती जवळजवळ ताणतच नाही, सगळा हिसका बांबूवर येतो. नायलॉनच घ्या. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती काठी उभारू नका. १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. एरवीही आधी परवानगी विचारा.